रिकामी झोळी



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार आपण मिशन रविवार म्हणून पाळतो. पोप अकरावे पायस यांनी 1926 साली हा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी मिस्सेत गोळा होणारे दान जगभरातील मिशनकार्यासाठी पाठवले जाते. हा रविवार जवळ आला की दोन वाक्ये आमच्या कानांवर हमखास पडतात. कार्य देवाचे आहे तर पैशांची सोय देव करणार नाही का, हे एक. आणि घरभेटीसाठी नावे मागितली की, "फादर, आम्हांला कुठे बायबल एवढे येते?" हे दुसरे. एकजण सगळे देवावर टाकून मोकळा होतो, तर दुसरा स्वतःजवळ काय आहे तेवढेच मोजतो.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना जोडीजोडीने पाठवतो. थैली, झोळी, वहाणा, काहीच बरोबर नको असे सांगतो. (मार्कच्या सहाव्या अध्यायात बारा जणांना काठी व वहाणा चालतात, लूकच्या नवव्या अध्यायात काठीसुद्धा नाही. यावर शास्त्रपंडितांनी भरपूर लिहिले आहे, आपण त्यात शिरायला नको.) शिष्यांचा विश्वास पारखण्यासाठी ही आज्ञा होती असे आपण शिकत आलो. ते खरे आहे, पण आम्हांला वाटते, ते अर्धेच आहे. पुढे वाचा. ज्या घरात तुमचा स्वीकार होईल तेथेच राहा, ताटात वाढतील ते खा, घरे बदलत फिरू नका. ज्याच्या झोळीत भाकरी आहे त्याला कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज पडत नाही. प्रभूने झोळी काढून घेतली आणि शिष्यांना पाहुणे केले. ज्यांना शुभवर्तमान सांगायचे त्यांच्याच हातचे आधी खायचे होते.

म्हणजे देवाची तरतूद कोणाच्या तरी हातून येते. संत थॉमस अक्वायनस यांनी याचे तत्त्वज्ञान मांडले आहे. देव आदिकारण आहे, परंतु तो आपल्या निर्मितीला बाजूला सारून काम करत नाही, तिलाही कारण होण्याचा मान देतो. शेतकरी राबतो म्हणून पीक देवाचे नाही असे होत नाही. तसेच पीक देवाचे म्हणून नांगर आपोआप चालत नाही. खुद्द प्रभूच्या फिरतीचा खर्च कोण चालवत होते? लूकच्या आठव्या अध्यायात नावे आहेत: मरिया माग्दालेना, हेरोदाच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया.

आता आपल्या कोकणपट्टीतलेच उदाहरण घेऊ. संत जोसेफ वाझ यांचा जन्म 1651 साली गोव्यात बाणावली येथे झाला. त्या काळी मिशनरी जात ते पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने. जहाज त्याचे, खर्च त्याचा. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, मात्र 1658 पर्यंत किनारा डचांच्या ताब्यात गेला होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना तेथे मज्जाव होता. राजाश्रय तेथे उपयोगाचा नव्हता, उलट पोर्तुगिजांशी संबंध म्हणजे जिवाला धोका. जोसेफ वाझ 1687 साली गरीब मजुराच्या वेशात तेथे उतरले. अतिसाराने ते मरणाच्या दारी गेले, आणि कोणा गरीब बाईने दिलेल्या पेजेवर वाचले अशी आठवण सांगतात. पुढे 1692 साली कँडीच्या राज्यात गेले, तर पोर्तुगिजांचा हेर समजून तुरुंगात टाकले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत, सिंहली भाषा शिकले. तमिळ त्यांनी आधीच शिकून घेतली होती. जवळजवळ दहा वर्षे त्या बेटावर दुसरा धर्मगुरू नव्हता. 1697 साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपली माणसे टाकून पळत असताना ते व त्यांचे सहकारी मागे राहिले. आजाऱ्यांना झोपड्यांत आसरा दिला, मेलेल्यांना मूठमाती दिली. 1711 साली कँडीतच त्यांचे देहावसान झाले. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

देवावर भिस्त ठेवणारा हा माणूस भाषा शिकत होता, वेश बदलत होता, गोव्याहून येणाऱ्या मदतीची वाट पाहत होता. यात विसंगती नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांना विचारले होते, मी तुम्हांला रिकामे पाठवले तेव्हा काही कमी पडले का? ते नाही म्हणाले. आणि लगेच तोच प्रभू सांगतो, आता ज्याच्याजवळ थैली आहे त्याने ती घ्यावी. थैली घ्यायची की नाही हे पाठवणारा ठरवतो. आपण ती आधी भरेपर्यंत थांबतो, ही आपली अडचण.

बायबल कमी येते म्हणून मागे राहणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: ज्या घरी जाल तेथे आधी चहा घ्या आणि त्यांचे ऐका. तुम्ही पाहुणे आहात.

या आठवड्यात घरच्या रोझरीनंतर लूक 10:1-12 आणि 22:35-38 हे दोन्ही उतारे एकापाठोपाठ वाचावेत. घरभेटीसाठी नावे देणाऱ्यांनी दुसऱ्या मिस्सेनंतर साक्रिस्तीत भेटावे. जोडीजोडीनेच जाणार आहोत.