नागपूर ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रत्यक्ष प्रवासाचा काळ

विदर्भातून चेणे येथे दर्शनास येणाऱ्या भाविकांचा पहिला प्रश्न असतो तो प्रवासाच्या वेळेचा. नागपूर व मुंबई या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत ३७० सागरी मैल आहे. लोहमार्गाने नागपूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ८३७ किलोमीटर भरते; कारण रेल्वेला भुसावळ, मनमाड आणि कसारा घाट असा वळसा घ्यावा लागतो.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे हवाई अंतर ५१ मिनिटांत कापता यावे. मग वेळापत्रकात सुमारे दीड तास का दाखविला जातो? विमानास पूर्ण वेग उंचीवर गेल्यावरच मिळतो. चढण्यात, उतरण्यात आणि धावपट्टीपर्यंत जाण्यात बराच वेळ खर्च होतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे सामान्यतः एका वेळी एकच वापरता येते व विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात. मुंबईकडे येणाऱ्या विमानास ते समोरून लागतात, म्हणून परतीचा प्रवास काही मिनिटांनी लवकर होतो.

नागपूरचे स्थान देशाच्या मध्याजवळ असल्यामुळेच १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून माघारी फिरत.

तथापि भाविकांनी केवळ तिकिटावरील दीड तास धरून बेत आखू नये. घर ते विमानतळ एक तास, उड्डाणापूर्वीचे दोन तास, सामान मिळेपर्यंत अर्धा तास, आणि अंधेरीहून दहिसर, काशीमिरामार्गे चेण्यापर्यंतचे २५ ते ३० किलोमीटर, त्यास गर्दीनुसार एक ते दोन तास. एकूण सहा ते सात तास होतात. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. परंतु चेण्यास येणाऱ्यांना तो अधिक दूर पडतो. तिकीट काढताना विमानतळाचे नाव अवश्य पाहावे.

५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. नागपूर ते आमणे हा प्रवास आठ तासांचा सांगितला जातो. विश्रांती आणि पुढे भिवंडी, ठाणे, घोडबंदर रस्ता धरून दहा-अकरा तास मोजावेत. म्हणजे कागदावर साडेसहा तासांची वाटणारी तफावत दारापासून दारापर्यंत चार तासांवर येते. चार-पाच जणांच्या कुटुंबास मोटार परवडते. वृद्ध वा आजारी व्यक्ती सोबत असल्यास मात्र विमानच बरे. रेल्वेने येणाऱ्यांनी आपली गाडी ठाण्यास थांबत असल्यास तेथेच उतरावे, मुंबईपर्यंत जाऊन उलट येऊ नये.

परतीच्या दिवशी गायमुख घाटातील अवजड वाहनांची रांग काशीमिऱ्यापर्यंतही जाणवते. सकाळचे विमान असल्यास भाविकांनी उड्डाणाच्या किमान चार तास आधी चेणे सोडावे.