यरीहोचे सात तट आणि ळ ची वाट

आधी एक हिशेब करा. यहोशवाच्या पुस्तकातला 6वा अध्याय काढा. आपले लोक यरीहोच्या तटाभोवती सहा दिवस रोज एकदा फिरले आणि सातव्या दिवशी सात वेळा. एकूण फेऱ्या किती? सात म्हणणाऱ्यांनी पुन्हा वाचावे. उत्तर 13.

जुन्या हिब्रू हस्तलिखितांत यरीहो चक्रव्यूहासारखे काढलेले सापडते. एकात एक सात तट आणि मधोमध गाव. 14व्या शतकातल्या फारही बायबलमध्ये असे चित्र आहे. आपल्याकडे गोव्यात, सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडातही सात फेऱ्यांची आकृती कोरलेली आहे.

मी ही आकृती मस्कतला लेकीकडे गेले असताना नातवंडांना शिकवली. तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत पारा चाळिशीच्या वर असतो, दिवसा खाली खेळायला सोडता येत नाही. पेन्सिल, खोडरबर आणि पाठकोरे कागद, एवढ्यावर आमच्या दुपारी गेल्या.

कागदाच्या मध्याच्या जरा खाली बेरजेची खूण (+) काढा. तिच्या चार घरांत चार काटकोन काढा. प्रत्येकाचा कोपरा खुणेच्या मध्याकडे हवा, उघडी बाजू बाहेर. उघड्या बाजूला एकेक ठिपका द्या. आता टोके मोजा, ठिपके धरून 16 भरतील. खुणेच्या वरच्या टोकापासून उजवीकडच्या पहिल्या टोकापर्यंत कमान काढा. मग डावीकडचे पुढचे टोक आधीच्या कमानीवरून वळसा घालून उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला जोडा. असेच एकेक जोडत चला. आठवी कमान खुणेच्या खालच्या टोकाला मिळते. रेषा आठ, वाटा सात. पहिल्यांदा बहुतेकांची चौथी कमान चुकते, माझीही चुकली होती. पट्टी मात्र घेऊ नका.

धाकटा नातू म्हणाला, "आजी, यात चुकताच येत नाही, मग मजा काय?" बरोबर आहे. यात वाट एकच असते, फाटा नसतो. म्हणून संध्याकाळी आम्ही मत्राच्या जुन्या बाजारात गेलो. समुद्राकडच्या रस्त्यावरून आत शिरले की वर छप्पर, दोन्ही बाजूंना चांदीची आणि लोबानची दुकाने, आणि गल्लीला गल्ली फुटलेली. दोनदा वाट चुकलो. घरी येऊन मुलांनी तोच बाजार आठवून काढला, बंद गल्ल्यांसकट.

त्याच आठवड्यात थोरलीने माझ्या आईच्या वहीतली मलिद्याची कृती वाचायला घेतली. "गुल किसून घ्या" असे वाचून तिने विचारले, "आजी, गुल म्हणजे फूल ना? फूल कसे किसायचे?" ती शाळेत हिंदी शिकते, अक्षरे सगळी ओळखते, पण आजच्या हिंदीत ळ नाही. मी हसले खरी, पण रात्री झोप लागली नाही. आईची अख्खी वही ळ ने भरलेली आहे: गूळ, नारळ, डाळ, तांदूळ, वेलची कुटायचा खलबत्ता काळ्या दगडाचा. आपल्या सणांची जुनी नावेसुद्धा पाहा. पुरीम म्हणजे होळीचा सण, किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराच्या चित्रात प्रत्येक फाट्यावर दोन शब्द लिहिले: वेळ आणि वेल, काळ आणि काल, मळा आणि मला, पाळ आणि पाल. ळ असलेला शब्द खरी वाट दाखवतो, दुसरा बंद गल्लीत नेतो. नियम एकच: दोन्ही शब्द मोठ्याने म्हटल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकवायची नाही. जीभ टाळूला लावून मागे वळवा, ळ आपोआप निघतो. शब्बाथला पेन्सिल कपाटात ठेवून वाट बोटानेच चालायची. शेवटच्या चौकात मी पातेले काढले आणि त्यात लिहिले, गूळ.

स्वाध्याय: घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून ळ चे दहा शब्द गोळा करा. निदान तीन स्वयंपाकघरातले असावेत. आपल्या घरापासून बाजारापर्यंतच्या रस्त्याचा चकवा काढून ते शब्द फाट्यांवर लिहा. पुढच्या वर्गात तो शेजारच्या मुलाला सोडवायला द्यायचा आहे.