डॉक्टर ‘रिस्क आहे’ म्हणतात तेव्हा

अगं, वडील बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी ‘हाय रिस्क’ लिहिलेल्या कागदावर सही मागितली, की कुणाच्याही पोटात गोळा येतो. त्यात घरातलं कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, ‘या वयात आता कशाला चिरफाड? राहू देत आहेत तसे.’ अशा वेळी घाबरून ना सही कर, ना नकार दे. आधी डॉक्टरांना नीट विचार : ऑपरेशन केलं तर धोका किती, आणि नाही केलं तर किती? पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा फार कमी घरांत विचारला जातो.

ऑपरेशन न केलेला म्हातारा माणूस महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहतो. कूस बदलायची म्हटली तरी कळ मस्तकात जाते. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होते, माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. खुबा मोडलेली माणसं जातात ती पुष्कळदा या अंथरुणापायी. माणूस आधीच शेवटच्या आजारात असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हासुद्धा निव्वळ वेदना कमी व्हावी म्हणून ऑपरेशन करतात.

धोका मोजायची रीत आहे, बरं का. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी 2008 साली एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. ऑपरेशननंतरच्या 30 दिवसांत मृत्यूची शक्यता किती, हे ती दहापैकी गुण देऊन सांगते. वय 66 ते 85 असेल तर 3 गुण, त्यापुढे 4. पुरुष असेल तर 1. दाखल होताना हिमोग्लोबिन 10 किंवा त्याखाली असेल तर 1. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड यांसारखे दोन किंवा जास्त जुने आजार असतील तर 1, कॅन्सर असेल तर 1, आधीपासून वृद्धाश्रमात राहत असेल तर 1. शेवटचा गुण स्मरणशक्तीचा. वय किती, आत्ता कुठे आहात, साल कोणतं, वीसपासून उलटं मोजा, असे दहा साधे प्रश्न विचारतात. सहा किंवा त्याहून कमी उत्तरं बरोबर आली, तर 1.

समज, वडील 82 वर्षांचे आहेत, हृदयाचा आणि दम्याचा जुना त्रास आहे, हिमोग्लोबिन साडेनऊ. झाले सहा गुण. ऐकायला भीती वाटते, पण त्याचा अर्थ असा, की त्यांच्यासारख्या शंभर जणांपैकी नव्वदच्या आसपास जण महिन्यानंतर हयात असतात. तुझे वडील त्या नव्वदात की दहात, हे कुठलाही गुण सांगू शकत नाही. पहिला महिना पार पडला म्हणजे सुटलो, असंही नाही. खुबा मोडल्यावर वर्षभरात चार-पाच जणांमागे एक जण जातो, आणि त्यात पुरुषांचं प्रमाण जास्त.

मला मात्र यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. गुणांची यादी पुन्हा बघ. वय, पुरुष असणं, जुने आजार, यातलं काही तुला बदलता येतं का? आणि जे तुझ्या हातात आहे, त्यातलं जवळजवळ काहीच त्या यादीत नाही. इंग्लंडमध्ये 2007 पासून अशा रुग्णांची देशभर नोंद ठेवायला लागले. ऑपरेशन लवकर व्हावं आणि हाडाच्या डॉक्टरांबरोबर वृद्धांच्या डॉक्टरांनीही रुग्ण बघावा, असा आग्रह धरला. नोंद ठेवणाऱ्या हॉस्पिटलांत 30 दिवसांतले मृत्यू 2011 पर्यंत 10.9 टक्क्यांवरून 8.5 वर आले. 2012 साली त्या गुणांचीही फेरतपासणी झाली, तेव्हा जास्त धोक्याच्या रुग्णांत जुनं गणित प्रत्यक्षाहून जास्त मृत्यू सांगत होतं, म्हणून ते सुधारावं लागलं.

म्हणून वेळ घालवू नकोस. दादा अमेरिकेहून येईपर्यंत थांबू, असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हण. एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हायला हवं. उगाच मध्यरात्रीची घाईही नको. भारतासह 17 देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा तासांत ऑपरेशन केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. पण वात होणं, म्हणजे माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागणं, मात्र कमी झालं. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते दाखल करतानाच सांग.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं करतील. ते ओरडतील, तुझा जीव तुटेल, तरी ‘आज राहू दे’ म्हणू नकोस. रात्री ते तुलाच ओळखेनासे झाले, सलाइनची नळी उपसायला लागले, तर ‘वेड लागलं’ म्हणून रडत बसू नकोस. नर्सला लगेच सांग, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी किंवा न सोसणारी कळ असू शकते. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवून येतात लोक! ते त्यांच्या अंगावर हवं. जेवायला त्यांना नीट बसतं कर, आणि नुसत्या पेजेवर ठेवू नकोस. अंडं, डाळ, पनीर, जे पचेल ते दे.

एक गोष्ट हॉस्पिटलच्या गडबडीत राहूनच जाते. हाड मोडलं ते ठिसूळ झालं होतं म्हणून, आणि त्यावर औषध आहे. झोलेड्रोनिक अॅसिड नावाचं, वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन असतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेणाऱ्या खुब्याच्या रुग्णांत मृत्यू 28 टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासूनच ते देतात, सगळ्यांना चालत नाही. पण डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी डॉक्टरांना त्याबद्दल विचार, आणि विचारल्याशिवाय वडिलांना घरी आणू नकोस.