मैदान गाजवलेला कोच की शिकवण्यात मुरलेला?

प्रश्न : आम्ही दुबई मरीनात राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि फुटबॉलशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही. दोन अकादम्या पाहून आलो. एकीकडचे मुख्य कोच युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळलेले आहेत. दुसरीकडचे कधीच मोठ्या क्लबकडून खेळले नाहीत, पण बरीच वर्षं मुलांना शिकवताहेत. ह्यांचं म्हणणं, जो स्वतः खेळला त्यालाच खेळ कळतो. हे कितपत खरं आहे?
— एक वाचक, दुबई मरीना

उत्तर : तुम्ही राहता त्या देशाने दोन्ही प्रकारचे कोच एकाच विश्वचषकाच्या वाटेवर आजमावले आहेत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

ऑक्टोबर १९८९मध्ये सिंगापूरला आशियातली अंतिम पात्रता फेरी झाली. अमिरातीचे कोच होते ब्राझीलचे मारियो झगालो. खेळाडू म्हणून १९५८ आणि १९६२चा विश्वचषक, कोच म्हणून १९७०चा. याहून मोठं नाव मिळणं अवघड होतं. चीनविरुद्ध संघ एका गोलने मागे होता, सामना संपत आला होता, आणि शेवटच्या काही मिनिटांत अमिरातीने लागोपाठ दोन गोल मारले. त्या फेरीत जिंकलेला सामना तेवढा एकच, उरलेले चारही बरोबरीत. पण एकही न हरता संघ दुसरा आला आणि इटलीला पोहोचला. अमिराती आजवर खेळली तो एवढाच विश्वचषक.

इटलीत मात्र बाकावर झगालो नव्हते. स्पर्धेआधीच त्यांना काढण्यात आलं आणि कार्लोस आल्बेर्तो परेरा आले. परेरा व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नव्हते. मूळचे ते शारीरिक तंदुरुस्तीचे प्रशिक्षक. अमिराती कोलंबियाकडून ०-२, पश्चिम जर्मनीकडून १-५ आणि युगोस्लाव्हियाकडून १-४ अशी हरली. एवढंच पाहिलं तर तुमच्या घरच्यांचं म्हणणं खरं वाटेल. पण चारच वर्षांनी याच परेरांनी ब्राझीलला विश्वचषक जिंकून दिला. कोच म्हणून त्यांच्या खात्यावर एकूण सहा विश्वचषक स्पर्धा आणि पाच वेगवेगळे देश जमा झाले. मला त्याहून बोलकी वाटते ती या दोघांची जोडी. १९७०मध्ये झगालो कोच होते तेव्हा तंदुरुस्तीचं काम पाहणाऱ्यांत परेरा होते आणि १९९४मध्ये परेरा कोच असताना समन्वयक म्हणून शेजारी झगालो होते. ब्राझीलच्या त्या दोन्ही विजयांत खेळलेला आणि न खेळलेला एकत्र होते.

आता दुबईतलंच दुसरं उदाहरण. झाबीलच्या अल वस्ल क्लबने २०११मध्ये दिएगो मॅराडोनाला कोच म्हणून आणलं. त्याच्याइतका फुटबॉल किती जणांच्या पायात असेल? तरी संघ लीगमध्ये आठवा आला आणि एका हंगामानंतर, जुलै २०१२मध्ये, त्याला निरोप देण्यात आला. पुढे २०१७मध्ये तो फुजैराहला आला. दुसऱ्या श्रेणीतल्या त्या संघाची थेट बढती हुकली आणि तिथूनही तो गेला. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात पाणी उदंड होतं, पण ते पोहऱ्यात येईना. ज्या गोष्टी त्याला विचार न करता जमायच्या, त्या कशा जमवायच्या हे दुसऱ्याला पायरीपायरीने सांगणं हे वेगळंच कसब आहे.

मग खेळण्याच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती कुठे आहे हे अभ्यासकांनी शोधलंय. स्यू ब्रिजवॉटर, लॉरेन्स कान आणि अमांडा गुडॉल यांनी १९९४ ते २००७ या काळातले ब्रिटिश फुटबॉलमधले मॅनेजर आणि संघ तपासले. प्रीमियर लीगमध्ये त्यांना असं दिसलं, की वरच्या दर्जाचं फुटबॉल खेळलेल्या मॅनेजरचा फायदा बलाढ्य संघांपेक्षा कमी कुवतीच्या संघांना जास्त होतो. अशा खेळाडूंना शिकण्यासारखं अजून पुष्कळ असतं, म्हणून ते तसं होत असावं. उलट, मॅनेजर म्हणून काढलेली वर्षं कामी येतात ती नामवंतांच्या संघात. त्यांचा अंदाज असा, की तिथे खेळ शिकवण्यापेक्षा मानापमान सांभाळणं हेच मोठं काम असतं. हा निष्कर्ष मला पटतो. अर्थात, तो सरासरीचा आहे. मॅराडोना त्यात बसत नाही, आणि तुमच्या अकादमीतले कोच बसतीलच असंही नाही.

भारताच्या संघाकडे पाहा. जानेवारी २०१९मध्ये आशियाई चषकात अबू धाबीला भारताने थायलंडला ४-१ हरवलं. तेव्हा कोच होते स्टीफन कॉन्स्टंटाइन, ज्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द दुखापतीमुळे लवकरच आटोपली होती. त्यांच्यानंतर आले इगॉर स्टिमाच, १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे बचावपटू. त्यांच्या हाताखाली भारताने दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धा जिंकल्या, पण कतारमधल्या पुढच्या आशियाई चषकात संघ तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते खालिद जमील. जन्म तुमच्या आखातातला, कुवेतचा. मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळले, पण दुखापतींनी सतत अडवलं. खेळणं थांबलं तेव्हा त्याच मुंबई एफसीचे कोच झाले आणि तुटपुंज्या बजेटवर हा संघ त्यांनी वर्षानुवर्षं वरच्या लीगमध्ये टिकवला. मग २०१६-१७मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. ऑगस्ट २०२५मध्ये ते भारताचे मुख्य कोच झाले. व्यावसायिक खेळाडू होते, हे खरं. पण कोच म्हणून त्यांचं नाव झालं ते कोचिंगमध्ये काढलेल्या वर्षांवर.

आता तुमच्या मुलाचं. दोन्हीकडे एकेक संध्याकाळ बाहेर बसून पूर्ण सराव बघा. मुलाने चुकीचा पास दिला की कोच काय करतात, यावर नजर ठेवा. काही जण बाजूच्या रेषेवरूनच ओरडतात, काही बॉल स्वतः घेऊन झकास पास देऊन दाखवतात आणि खेळ पुढे सुरू होतो. चांगला शिकवणारा शिट्टी मारून सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो, त्या मुलाजवळ जातो आणि विचारतो, ‘बॉल येण्याआधी मागे कोण आहे ते बघितलंस का?’ मग त्याला दोन पावलं मागे, अर्धवट वळवून उभं करतो आणि तोच पास पुन्हा घ्यायला लावतो. माझी पसंती या कोचला, मग तो कुठेही खेळलेला असो.

दोघांनाही कोचिंगचं लायसन्स कोणतं आहे आणि ते लहान मुलांसाठीचं आहे का, हे बिनधास्त विचारा. चांगल्या अकादमीला या प्रश्नाचा राग येत नाही. बाकावर बसणाऱ्या मुलांना सामन्यात किती वेळ मिळतो, हेही बघा. आणि युरोपात खेळलेले कोच असंच थांबून, समजावून शिकवत असतील, तर मुलाला त्यांच्याकडेच घाला. अकरा वर्षांच्या मुलाला शिकायचं अजून सगळंच आहे, तेव्हा त्यांच्या खेळाचा उपयोग त्याला नक्की होईल.