आमदाराचा हिशेब

गावोगावची माणसे गिरणीत कामाला म्हणून लालबाग-परळला गेली. निवडणूक आली की तिथल्या चाळीत बोलणे निघते, "आपल्या आमदारानं लई कमावलं!" पण कशावरून? आपण कागद पाहू.

सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे २००३ सालापासून प्रत्येक उमेदवार अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र देतो. त्यात घर, जमीन, सोने, कर्ज, शिक्षण आणि कोर्टातले खटले लिहावे लागतात. हा कागद कुणालाही पाहता येतो. विरोधी उमेदवाराची माणसे तो चाळतातच. मग मतदाराने का चाळू नये? आमदाराचा २०१९ चा आणि २०२४ चा कागद शेजारी ठेवावा. काय वाढले ते दिसते.

पण दमाने घ्यावे. लालबागेत खोलीचा भाव आपोआपही चढतो. खटला भरला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असेही नाही.

आमदाराचा विकासनिधी कुठे गेला? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. फी १० रुपये. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. "आमच्या गल्लीतले गटार कितीला बांधले?" असे नेमके विचारावे, मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच येते. लालबागकर हा अर्ज फोर्टात, जुन्या कस्टम हाऊसमधल्या कलेक्टर कचेरीत देतात. आपण आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत द्यावा.