नोंद : जन्माची आणि हक्काची



बँकेच्या काउंटरवर बसून आम्हांस एक गोष्ट नेहमी दिसते. ग्रामीण भागातील पन्नाशी-साठीच्या माणसांची कागदपत्रे पाहिली की दहातल्या तीन-चार जणांची जन्मतारीख एकच असते : १ जून. एवढी माणसे एकाच दिवशी जन्मली कशी? उत्तर सोपे आहे. शाळा जूनमध्ये उघडत असे. आईबापांना तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहत. हात कानाला पोहोचला की मूल सहा वर्षांचे झाले असे धरून १ जून ही तारीख टाकत. आमच्या वडिलांचीही जन्मतारीख १ जूनच आहे.

वरवर पाहता ही हसण्याची बाब आहे. परंतु याच कागदावर निवृत्तीचा दिवस ठरतो, निवृत्तिवेतन ठरते, आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाचा हक्कही ठरतो. म्हणून जन्माची नोंद म्हणजे काय, ती कोठे असते आणि कशी मिळवावी, याचा थोडा अभ्यास या लेखात मांडत आहोत.

जुन्या नोंदी कोठे आहेत?

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी नोंदी होत नव्हत्या असे नाही. पण त्या प्रांताप्रांतांत निरनिराळ्या पद्धतीने होत. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांत गाव नमुना नंबर १४ ही जन्म-मृत्यूची नोंदवही असे. मध्य प्रांतात गावचा कोतवाल ही खबर ठाण्यावर नेऊन देई. विदर्भात आजही लोक त्या वहीस ‘कोतवाल बुक’ म्हणतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील जुने दप्तर उर्दूत व मोडीत सापडते. या वह्या बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अनेक गावी ही कोतवालकी आपल्याच समाजाकडे होती. गावात कोणाच्या घरी पाळणा हलला याची खबर मैलोगणती चालत पोहोचविणारा माणूस आपला होता. पण त्याला स्वतःला लिहिता येत नव्हते आणि आपल्या मुलाची जन्मतारीख सांगता येत नव्हती. याउलट सातारच्या शाळेच्या रजिस्टरातील एक नोंद पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. ते पान आजही जपून ठेवलेले आहे, आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या वहीतील एका ओळीचे मोल यावरून ध्यानात यावे.

आपल्याला या नोंदी का हव्यात?

अनुसूचित जातीच्या जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या समाजापुढे येथे एक विशेष अडचण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर शाळेत गेलेल्या मुलांच्या दाखल्यावर पालकांनी अभिमानाने ‘बौद्ध’ लिहविले. ते योग्यच होते. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने १९९० च्या दुरुस्तीने दिल्या. पण त्या मिळण्यासाठी धर्मांतरापूर्वीची जात सिद्ध करावी लागते, आणि त्या काळी ज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही त्यांचा शाळेचा दाखला येणार कोठून? अशा वेळी जन्माची जुनी नोंद हाच आधार उरतो.

आमचाच अनुभव सांगतो. मुलगी बारावीला असताना तिच्या वैधता प्रमाणपत्राची तयारी सुरू केली. आमच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’; आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. आम्ही तहसीलच्या एका रेकॉर्ड रूममध्ये तीन खेपा घातल्या. आजोबांच्या गावची वही पानन् पान पाहिली, काही सापडले नाही. शेवटी घरातील म्हाताऱ्या आत्या म्हणाल्या, “अरे, पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. तुझ्या पणजीचं गाव बघ की.” त्या गावच्या १९२९ सालच्या वहीत नोंद मिळाली. मुलाचे नाव नव्हतेच. फक्त ‘मुलगा’, बापाचे नाव व गाव, आणि जात ‘महार’. बापाच्या नावापुढे तुच्छतेचा ‘या’ लावलेला. ती ओळ वाचून आमचे डोळे भरून आले. ज्या शब्दाने आमच्या पणजोबांना हिणवले, त्याच शब्दाच्या आधारे त्यांची खापरपणती महाविद्यालयात जाणार होती.

मुलीला वैधता वेळेत मिळाली. आमच्या वस्तीतील एका हुशार मुलाला मात्र मिळाली नाही. निकाल लागल्यावर त्याची धावपळ सुरू झाली, तोवर मुदत संपली. खुल्या प्रवर्गाची फी भरणे घरच्यांना शक्य नव्हते. त्याचे एक वर्ष गेले. त्याच्याकडे गुण होते, फक्त कागद नव्हता.

शोध कसा घ्यावा?

१) प्रथम वंशावळ लिहा. घरातील वृद्धांना विचारून पणजोबांपर्यंतची नावे, टोपणनावे व जुनी आडनावे उतरवा. जुन्या वहीत आडनावाऐवजी केवळ बापाचे नाव व जात असण्याचा संभव असतो.

२) नोंद जन्मगावी होते, राहत्या गावी नव्हे. म्हणून आजीचे व पणजीचे माहेर विसरू नका.

३) तालुक्यांचे विभाजन झाले असल्यास मूळ तालुक्याच्या कार्यालयातही चौकशी करा.

४) तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून गाव व अंदाजे साल कळवा आणि प्रमाणित नक्कल मागा. अर्जाची पोच घ्या. उत्तर न आल्यास २००५ चा माहितीचा अधिकार वापरा.

५) फक्त आजोबांचीच नोंद शोधू नका. त्यांचे भाऊ, बहीण, चुलते यांची नोंदही वंशावळीने जोडता येते. वडिलांकडील रक्तनात्यात कोणास वैधता मिळाली असेल तर तो मोठा आधार होतो.

६) नोंद मोडीत किंवा उर्दूत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

७) मूळ नोंदीत खाडाखोड करू नका व दलालाकडून दाखला घेऊ नका. खोटा कागद पुढे उघडकीस येतो आणि नोकरीसुद्धा जाते.

आजच्या बाळांचे काय?

मुलाच्या जन्माची खबर २१ दिवसांत दिल्यास नोंद विनाशुल्क होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि एक वर्षापर्यंत वरिष्ठांच्या लेखी परवानगीने होते. वर्ष उलटल्यास पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. महाराष्ट्रात २०२५ साली या विलंबित नोंदींची पद्धत अधिक कडक झाली. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला व अन्य पुरावे लागतात.

नोंदीत बाळाचे नाव नसेल तर ते वर्षभरात विनाशुल्क व पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. नाव नसलेला दाखला अर्धाच समजावा.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालेल. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. यापुढे गुरुजींच्या १ जूनवर भागणार नाही.

आपले कर्तव्य

बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. कागद जपणे हाही त्या शिकण्याचा भाग आहे. आमची सभासदांना विनंती आहे की, विहारात वंदनेनंतर अर्धा तास या कामासाठी ठेवावा. बँकेत, तहसिलीत, शाळेत नोकरी करणाऱ्यांनी अर्ज लिहून द्यावेत. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसून वंशावळ लिहावी. दहावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नये. नववीतच कामाला लागावे.

घरातील म्हातारी माणसे हे आपले चालते-बोलते दप्तर आहे. आमच्या आत्या गेल्या वर्षी गेल्या. त्यांना चार दिवस उशिरा विचारले असते तर पणजीचे गाव आम्हांस कळले नसते. आपण आजच विचारावे.

नमो बुद्धाय, जयभीम.