मेडिकलच्या काउंटरमागून

तालुक्याच्या गावी आयुष्यभर मेडिकल चालवलं. आता दुकान मुलगा बघतो, मी नुसता गल्ल्याशेजारी बसतो. ‘औषधं एवढी महाग का हो?’ हे मात्र लोक अजून मलाच विचारतात. मला उमगलं ते सांगतो.

१. पैसे पेशंट मोजतो, ब्रँड डॉक्टर ठरवतात. साबण महाग वाटला तर माणूस दुसरा उचलतो. चिठ्ठीला ते लागू नाही. शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारं औषध असेल तर कंटेंट तोच असला, तरी दुकानदाराला परस्पर दुसऱ्या कंपनीचं देता येत नाही. कायदाच तसा आहे.

२. म्हणून औषध कंपनीचा एमआर दवाखान्याच्या दारात बसलेला असतो. तिथून तो आमच्याकडे यायचा आणि हळूच विचारायचा, ‘‘काका, सरांचं काय निघतंय?’’ म्हणजे आपल्या किती स्ट्रिपा गेल्या, समोरच्या कंपनीच्या किती. डायरीत आकडे टिपायचा. सरांनी दिलेला शब्द पाळला की नाही, याचा तो हिशेब. त्या पोराला दोष देत नाही, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. कंपन्यांसाठी २०१४ साली आचारसंहिता आली, तीही ऐच्छिक. २०२४ च्या नव्या संहितेत भेटवस्तू आणि सहलींना मनाई आहे, पण तक्रार आधी जाते ती कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

३. जेनेरिक म्हणजे स्वस्त, असं धरून चालू नका. पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनची अशी एक स्ट्रिप मला दहा-बारा रुपयांना पडायची, छापील किंमत नव्वदच्या वर. मधले पैसे दुकानदाराचे. त्यातून ‘वीस टक्के सूट’ दिली की गिऱ्हाईक आशीर्वाद देऊन जातं. काही ब्रँड तर एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिसतात आणि त्याच दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये मिळतात. बाकी गाव पालथं घातलंत तरी सापडत नाहीत.

४. सरकारी कमाल किंमतही बाजारच ठरवतो. २०१३ पासूनची पद्धत अशी : एक टक्का किंवा त्याहून जास्त खप असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची, वर दुकानदाराचे १६ टक्के. कारखान्यात गोळी कितीला पडते, हे कुणी विचारतच नाही. आणि अत्यावश्यक औषधांच्या सरकारी यादीबाहेरच्या औषधाला दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढ मोकळी.

५. मनात आणलं तर किंमत उतरते. नेक्साव्हार या कॅन्सरच्या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय औषध बनवायची मुभा मिळाली आणि तेच औषध ८,८८० रुपयांत आलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली गेली. त्याआधी लाख-सव्वा लाखाची बिलं व्हायची. नॅटकोसारखा परवाना मात्र पुढे दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

६. बिल मागा. कच्च्या कागदावर आकडेमोड करून देणाऱ्याकडून तर नक्कीच.

बीपी-शुगरची गोळी जन्माची असेल, तर डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच विचारा, ‘‘यातलं सरकारी जनऔषधी दुकानातलं काय चालेल? तसं कंटेंटच्या नावानं लिहून द्या.’’ आमच्या काउंटरवर आल्यावर उशीर झालेला असतो. फोनमध्ये ‘फार्मा सही दाम’ ॲप घ्या, त्यात सरकारी कमाल किंमत दिसते. तिच्यात जीएसटी मिळवूनही छापील आकडा वर गेलेला दिसला, तर दुकानदाराशी भांडत बसू नका, औषधांच्या किमतींवर नजर ठेवणाऱ्या एनपीपीए या सरकारी संस्थेकडे तक्रार करा.